बुसानचा समुद्र: ग्वांगाल्ली की हेउंदे, आणि समुद्राकडची खोली घ्यावी का?

दांडियाबाजारची_सून (प्रश्न)

नमस्कार. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, दक्षिण कोरियाला जाणार आहोत. यजमानांचे छांगवॉन येथे आठवडाभराचे काम आहे आणि ते आटोपल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार अशा तीन रात्री बुसानमध्ये काढायच्या, एवढे ठरले आहे. तिकिटे झाली, व्हिसाचे कागद देऊन झाले, आता राहण्याच्या जागेपाशी येऊन गाडी अडली आहे.

सासूबाईंना कोणीतरी पाठवलेले एक छायाचित्र त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवले आहे. त्यात रात्रीची वेळ आहे, ओल्या वाळूवर दिव्यांचे रंग उतरले आहेत आणि मागे समुद्रातून आडवा गेलेला एक लांबलचक पूल निळ्या-जांभळ्या उजेडात उभा आहे. त्यांना बुसानमध्ये ‘हे’ पाहायचे आहे, बाकी काही दाखवले नाही तरी चालेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. शोध घेतल्यावर ती जागा म्हणजे ग्वांगाल्लीचा किनारा असल्याचे कळले. मात्र बुसानबद्दल जे काही वाचावे त्यात पहिले नाव हेउंदेचे येते, आणि दोन्हीकडे समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीचे भाडे मागच्या बाजूच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट दिसते. तीन रात्रींचा हिशेब केला की ती तफावत डोळ्यांत भरते.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे, की दोहोंपैकी कोठे राहावे आणि दृश्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ आहे का. खोली घ्यायचीच झाली तर कितव्या मजल्यावरची मागावी? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे खोलीतूनच सगळे दिसले तर बरे, असा आमचा साधा विचार आहे. वलसाडजवळच्या तिथलला वाळूवर बसून सूर्यास्त पाहत चहा घेण्याची त्यांची जुनी हौस आहे, तीही तेथे पुरी होईल असे त्यांनी गृहीत धरले आहे.

आम्हा बडोदेकरांना समुद्राची फारशी सवय नाही, हेही सांगून ठेवते. आमच्या जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई, जेथे भरती आली की स्तंभेश्वर महादेव पाण्याखाली जातो आणि ओहोटी लागली की नजर पोहोचेल तेथवर चिखल उरतो. त्यामुळे सासूबाईंचा पहिला प्रश्न ‘तिथे पाणी किती वाजता असतं?’ असा आहे. तो कृपया हसण्यावारी नेऊ नये.

सुरसागर_काठचा

ताई, बंदराच्या कामानिमित्त मी बुसानमध्ये पावणेदोन वर्षे राहिलो. त्यातले पहिले सहा महिने ग्वांगाल्लीच्या मागच्या गल्लीत आणि उरलेले हेउंदे स्टेशनाजवळ काढल्यामुळे दोन्ही किनारे रोजच्या जाण्यायेण्यातले झाले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी वाईट बातमी सांगून टाकतो. या दोन्ही किनाऱ्यांवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही. आपल्या मनातला समुद्र पश्चिमेला असतो, कारण आपण तिथल, दमण, उभराट अशाच ठिकाणी गेलेलो असतो. बुसान हे कोरियाच्या आग्नेय टोकाला आहे आणि ग्वांगाल्ली व हेउंदे यांची तोंडे दक्षिण-आग्नेयेकडे आहेत, त्यामुळे संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, इमारतींच्या आणि डोंगरांच्या आड जातो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. ‘सहा वाजता जाऊ या’ असे बडोद्याच्या हिशेबाने म्हणाल, तर वाळूवर पोहोचेपर्यंत अंधार झालेला असेल. अर्थात सासूबाईंच्या छायाचित्रासाठी तोच अंधार हवा आहे.

आता त्या छायाचित्राविषयी. ग्वांगाल्लीचा किनारा लांबीला 1.4 किलोमीटर, चंद्रकोरीसारखा आत वळलेला आहे, आणि त्या कोरीच्या तोंडासमोरून ग्वांगआन पूल जातो. पूल 2003 च्या जानेवारीत वाहतुकीला खुला झाला. त्याची एकूण लांबी 7.42 किलोमीटर आहे, म्हणजे भरूचला नर्मदेवर 2017 साली झालेल्या केबलच्या पुलासारखे पाच पूल एकापुढे एक ठेवले तरी तो उरतो. मात्र डोळ्यांत भरतो तो मधला 900 मीटरचा झुलता भाग. दोन मनोऱ्यांमधले अंतर 500 मीटर, त्यांवरून खाली आलेले दोर, आणि रस्ता दुमजली असल्यामुळे एका दिशेची वाहने वरून व दुसऱ्या दिशेची खालून अशी धावतात. पुलाच्या डाव्या अंगाला, म्हणजे हेउंदेच्या बाजूला, मरीन सिटीचे ऐंशी-ऐंशी मजल्यांचे मनोरे उभे आहेत. चित्राला गहिरेपणा येतो तो त्यांच्यामुळे.

दिवसा हा पूल पांढुरका आणि बऱ्यापैकी ओकाबोका दिसतो, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. दुपारी दोनला तेथे गेलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी ‘एवढ्यासाठी आणलंस का?’ असे मला तोंडावर विचारले आहे. दिवे लागले की तोच पूल ओळखू येत नाही. रंग हळूहळू बदलत राहतात, पाणी आखाताच्या कुशीत असल्यामुळे बहुधा शांत असते, आणि त्यामुळे प्रतिबिंब तुटत नाही. तेव्हा ग्वांगाल्ली ही रात्रीची जागा आहे, हे मनाशी धरून ठेवावे.

हेउंदेचे गणित याच्या उलट आहे. तेथे समोर काही नाही. दीड किलोमीटरची रुंद वाळू, पुढे मोकळे पाणी आणि थेट क्षितिज. पश्चिमेच्या टोकाला दोंगबेक नावाचे छोटे बेट आहे. ते आता वाळू साचून जमिनीला जोडले गेले असले तरी ‘बेट’ हे नाव सुटलेले नाही. दोंगबेक म्हणजे कॅमेलियाचे फूल. बेटावरून चालत जाता येईल अशी पाऊलवाट आहे आणि 2005 च्या एपेक शिखर परिषदेसाठी बांधलेले गोल छपराचे सभागृहही तेथेच आहे. पूर्वेच्या टोकाला मिपोजवळ 411.6 मीटर उंचीचा, 101 मजल्यांचा मनोरा आहे. त्याच्या मागे दालमाजीची टेकडी. दालमाजीचा अर्थ ‘चंद्राच्या स्वागताला सामोरे जाणे’ असा आहे, आणि तेथून पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येताना पाहिला की हे नाव उगीच दिलेले नाही हे पटते. नोव्हेंबरात सूर्य पुरेसा दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे हेउंदेच्या वाळूवरून तो समुद्रावर उगवताना दिसू शकतो. उन्हाळ्यात मात्र तो टेकडीच्या बाजूने येतो. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणजे सासूबाईंना पहाटे उठवावे लागणार नाही. भारतीय घड्याळ मनात ठेवून झोपलात तर तेव्हा आपल्याकडे सव्वातीन वाजलेले असतात, एवढेच.

माझा सल्ला असा, की दोन रात्री ग्वांगाल्लीला समुद्राकडची खोली घ्यावी आणि तिसरी रात्र हेउंदेला मागच्या बाजूच्या स्वस्त खोलीत काढावी. रात्रीचे दृश्य खोलीत बसून तासन्‌तास पाहता येते. सकाळचे दृश्य वाळूवर जाऊनच पाहिले जाते, त्यासाठी खिडकीचे भाडे भरू नये. मेट्रोची दोन क्रमांकाची मार्गिका दोन्ही किनाऱ्यांना जोडते, ग्वांगआन ते हेउंदे ही सहा स्थानके आहेत आणि स्थानकांत लिफ्ट असतात.

मजल्याविषयी थोडे वेगळे सांगतो, कारण हॉटेलवाले ‘जितके उंच तितके चांगले’ असे म्हणत राहतात. समुद्राचे क्षितिज नेहमी आपल्या नजरेच्या पातळीवर दिसते. तुम्ही पुलाच्या रस्त्यापेक्षा खाली असाल तर क्षितिजाची रेघ पुलाच्या खालून जाते आणि पूल आकाशावर उमटतो. तुम्ही त्याच्यापेक्षा वर गेलात तर क्षितिज पुलाच्या वर सरकते आणि पूल पाण्यावर आडवा ठेवल्यासारखा दिसतो. छायाचित्रातला तो डौल खालून पाहण्याचा आहे. फार खाली गेलात तर समोरच्या रस्त्यावरचे दिवे आणि उपाहारगृहांच्या पाट्या मध्ये येतात, म्हणून मी सहावा ते दहावा मजला मागितला असता.

मांजलपूरचे_आजोबा

वरील माहिती उत्तम आहे. मी केवळ एका बाबतीत सावध करू इच्छितो, कारण त्यात आम्ही फसलो आहोत.

चार वर्षांपूर्वी मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त बुसानमध्ये ‘ओशन व्ह्यू’ खोली ठरवून दिली. हॉटेलचे नाव येथे घेत नाही. सामान ठेवून पडदा सारला तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावर वातानुकूलन यंत्रांची उतरंड, आणि ती भिंत व पलीकडची दुसरी भिंत यांच्या फटीत, साडीच्या काठाएवढी, एक उभी निळी पट्टी. त्या पट्टीत पुलाचा एक मनोरा नेमका बसला होता. खिडकी मूठ जाईल एवढीच उघडत होती. पत्नी म्हणाली, ‘रावपुऱ्यातल्या जुन्या घराच्या गच्चीतून सुरसागर तलाव याहून जास्त दिसायचा.’ स्वागतकक्षात तक्रार केली तेव्हा तेथील मुलीने अतिशय नम्रपणे खिडकीजवळ येऊन, मान तिरकी करून समुद्र दिसतो हे सिद्ध करून दाखवले. समुद्र दिसत होता, हे मला मान्य करावे लागले.

यातून शिकलो ते सांगतो. ग्वांगाल्लीला वाळूला लागून रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर इमारतींची एक रांग आहे. दृश्य आहे ते त्या पहिल्या रांगेला. दुसऱ्या रांगेतल्या हॉटेलांना फटी मिळतात आणि तीही त्या फटींचे पैसे लावतात. नावापुढे ‘पार्शल’ किंवा ‘साइड’ असा शब्द असेल तर तो वाचून सोडून देऊ नये. नकाशावर इमारत आणि वाळू यांच्यामध्ये दुसरी कोणती इमारत आहे का, हे आधी तपासावे. हॉटेलने दिलेल्या चित्रांवर न जाता राहून गेलेल्या लोकांनी काढलेली चित्रे पाहावीत, कारण हॉटेलचे चित्र बहुधा सर्वांत वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून काढलेले असते. आरक्षणाच्या वेळी ‘खोलीतून ग्वांगआन पूल पूर्ण दिसतो का’ असा लेखी प्रश्न विचारून उत्तर जपून ठेवावे. ‘समुद्र दिसतो का’ असे विचारले तर उत्तर ‘होय’ येणारच.

आणखी एक. काही ठिकाणी खोली कोरियन पद्धतीची, म्हणजे जमिनीवर गादी घालून झोपण्याची असते. जमीन खालून गरम केलेली असल्यामुळे झोप छान लागते, मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना ब्रह्मांड आठवते. सासूबाईंसाठी पलंग आहे की नाही हे विचारून घ्यावे.

पावागड_चढणारी

दोघांचाही मान राखून मी वेगळे मत मांडते. समुद्राकडच्या खोलीवर एक पैसाही जास्त घालू नका.

खोलीत बसून दिसते ती दृश्याची एक चौकट, आणि तीन दिवस तीच चौकट. काच असते, काचेवर आतल्या दिव्याचे प्रतिबिंब असते, त्यामुळे पूल पाहायचा तर अंधारात बसावे लागते. नोव्हेंबरात रात्री हवा थंड असते, पण वाळूला लागून असलेला पायरस्ता सपाट आणि रुंद आहे, बसायला जागा आहेत, आणि रस्त्यापलीकडे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर एकाला एक लागून कॉफीची दुकाने आहेत. एका पेल्याच्या किमतीत दीड तास तेच दृश्य मिळते. पुलाचे दिवेही साधारण मध्यरात्रीपर्यंत असतात, घाई नाही.

वाचलेल्या पैशांतून एका संध्याकाळी टॅक्सी करून ह्वांगन्यॉंग डोंगरावर जा. उंची 427 मीटर, म्हणजे आपल्या पावागडाच्या निम्म्याच्या आसपास, आणि वरपर्यंत गाडीरस्ता असल्याने सासूबाईंना थोडेच चालावे लागेल. तेथे जुन्या काळी धूर आणि जाळ करून शत्रूची वर्दी देण्याची चौकी होती. किनाऱ्यावरून येणारी बातमी ज्या जागेवरून दूरवर पोहोचवायची, त्या जागेवरून किनारा नीट दिसणारच. बुसान या नावातच डोंगर आहे, ‘बु’ म्हणजे कढई किंवा हंडा आणि ‘सान’ म्हणजे डोंगर. सपाट जमीन थोडी, मध्ये मध्ये डोंगर, आणि उरलेल्या सांदीतून शहर समुद्रापर्यंत वाहत गेलेले, हे खालून कधीच कळत नाही. वरून मात्र चंद्रकोर, पूल, मरीन सिटी, मागे हेउंदेचा उंच मनोरा, हे सगळे एका नजरेत येते. सुरसागरकाठच्या दादांनी क्षितिजाचे जे गणित सांगितले त्याचे दुसरे टोक येथे पाहायला मिळते. संपूर्ण पूल पाण्यावर टाकलेल्या माळेसारखा खाली असतो. त्यांना खालचे दृश्य आवडते, मला वरचे.

सूर्यास्ताचेही काम होण्यासारखे आहे. शहराच्या पश्चिमेला, नाकदोंग नदीच्या मुखाशी, दादेपो नावाचा किनारा आहे. तेथे वाळू फार रुंद आणि पाणी उथळ असते, आणि सूर्य मावळताना ओल्या वाळूत पूर्ण आकाश उतरते. मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गिकेचे शेवटचे स्थानक तेच आहे. ग्वांगाल्लीपासून लांब पडते, हे खरे, पण तिथलची हौस बुसानमध्ये भागवायची तर तीच जागा. चहा थर्मासमध्ये न्यावा, कारण आपल्यासारखा चहा तेथे मिळण्याची आशा धरू नये.

दांडियाबाजारची_सून

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांचा अनुभव वाचून सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांनी तो शेजारी वाचून दाखवला. आता ‘पार्शल’ शब्द दिसला की आम्ही पान उलटतो.

तीन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. शनिवारी ग्वांगाल्लीला आकाशात ड्रोनचा खेळ असतो असे कोठेतरी वाचले, तो आमच्या तारखांना असेल का? गुडघ्यांचा विचार करता हेउंदेला समुद्रकाठाने फिरण्याची काही बसून जाण्याची सोय आहे का? आणि पाण्याच्या वेळेचा प्रश्न अजून कोणी सोडवलेला नाही, याची आठवण करून देण्यास मला सांगण्यात आले आहे.

सुरसागर_काठचा

पाण्याचा प्रश्न विसरल्याबद्दल सासूबाईंची क्षमा मागतो. तो प्रश्न खरोखर चांगला आहे, आणि त्याचे उत्तर असे, की पाणी चोवीस तास असते. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते, त्यामुळे शिरलेले भरतीचे पाणी चढत जाते आणि दहा मीटरपेक्षाही अधिक फरक पडतो. कोरियातही पश्चिम किनाऱ्यावर, इंचॉनला, हा फरक नऊ मीटरच्या आसपास जातो आणि तेथे आपल्यासारखाच चिखल उघडा पडतो. बुसान मात्र उघड्या सामुद्रधुनीवर आहे, तेथे मोठ्या भरतीलाही पाण्याची पातळी सव्वा मीटरच्या आसपासच खालीवर होते. वाळूची पट्टी थोडी कमीजास्त होते, बाकी सकाळी पाहिलेला समुद्र दुपारी जागेवरच सापडतो.

ड्रोनचा खेळ दर शनिवारी असतो. मार्च ते सप्टेंबर रात्री आठ आणि दहा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सात आणि नऊ, अशा त्याच्या वेळा आहेत. वारा सुटला किंवा पाऊस आला तर रद्द होतो, तेव्हा त्यावर बेत बांधू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्वांगाल्लीला 2005 पासून जवळजवळ दरवर्षी आतषबाजीचा मोठा उत्सव भरतो आणि अलीकडे तो नोव्हेंबरात येतो. त्या रात्री लाखो माणसे किनाऱ्यावर लोटतात आणि खोल्यांचे भाव कोणाला सांगण्यासारखे राहत नाहीत. तुमच्या तारखा त्याच्यावर पडत नाहीत ना, हे आरक्षणाआधी पाहा. पडत असतील तर सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसून फिरण्याची सोय आहे आणि ती फार सुरेख आहे. मिपोहून सोंगजॉंगपर्यंत समुद्राला चिकटून जुना लोहमार्ग होता. मुख्य मार्ग दुसरीकडे हलवल्यावर त्या 4.8 किलोमीटरवर 2020 पासून एक छोटी गाडी चालते. बाके समुद्राकडे तोंड करून लावलेली आहेत आणि गाडी इतकी सावकाश जाते, की कोळ्यांच्या होड्या मोजता येतात. त्याच मार्गाच्या वर, जमिनीपासून सात ते दहा मीटर उंचीवर, रंगीत डब्यांची वेगळी रांग मिपो ते छॉंगसापो अशी जाते. एका डब्यात चार जण बसतात, म्हणजे तुम्हा तिघांचा स्वतंत्र डबा होईल. शनिवार-रविवारी तिकिटे आधी काढावी लागतात, म्हणून ते सोमवारी सकाळी ठेवा.

तुमचा काळ हवेच्या दृष्टीने फार चांगला आहे. जूनअखेरपासून पाऊस, त्याच सुमारास समुद्रावरून येणारे दाट धुके, मग ऑगस्ट-सप्टेंबरात वादळे असा तेथला क्रम असतो. धुक्याच्या दिवसांत मरीन सिटीचे मनोरे कमरेपासून वर तेवढे शिल्लक राहतात. ते दृश्य पाहण्यासारखे असते, मात्र पुलासाठी गेलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो. मरीन सिटीत समुद्राला अगदी लागून स्वस्तात खोली मिळाली तरी हवामानाचा अंदाज पाहूनच घ्यावी. 2016 च्या ऑक्टोबरात आलेल्या वादळात तेथे लाटा भिंत ओलांडून रस्त्यावर शिरल्या होत्या.

मांजलपूरचे_आजोबा

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून दोन ओळी. मासे-मांस नको असेल तर किमची शाकाहारी समजू नये, तिच्यात बहुधा माशाचा अर्क किंवा कोळंबीचे खारवण असते. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडे वगळून सांगता येतो. गोड पोळीसारखा, आत बिया भरलेला होत्तोक सासूबाईंना आवडेल. थेपले न्यावेतच. वाट शोधण्यासाठी मोबाइलमध्ये नेहमीच्या नकाशाऐवजी नेव्हर किंवा काकाओचा नकाशा टाकून घ्यावा, पायी जाण्याचा रस्ता तेथे तोच नीट दाखवतो.

दांडियाबाजारची_सून

परवा परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

शेवटी दोन रात्री ग्वांगाल्लीला पहिल्या रांगेत, आठव्या मजल्यावर, पलंगाची खोली घेतली आणि तिसरी रात्र हेउंदे स्टेशनाजवळ काढली. ‘पूल पूर्ण दिसतो का’ असे लेखी विचारले होते, उत्तरादाखल त्यांनी त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेले चित्र पाठवले. क्षितिज पुलाच्या खालूनच जात होते, ही गोष्ट यजमानांनी पहिल्या दिवशी तीन वेळा सर्वांना दाखवली. पावागडताईंचे काचेविषयीचे म्हणणेही खरे ठरले. दिवे घालवून, अंधारात, खुर्च्या खिडकीला लावून बसलो तेव्हाच नीट दिसले. सासूबाई रात्री साडेअकरापर्यंत हलल्या नाहीत. शनिवारचा ड्रोनचा खेळ वाऱ्यामुळे रद्द झाला, आणि वाळूवर अगोदरपासून जागा धरून बसलेली मंडळी एका शब्दाची कुरकुर न करता सतरंज्या गुंडाळून उठली, याचेच आम्हाला अधिक आश्चर्य वाटले. डोंगरावर मात्र जाणे झाले नाही आणि दादेपोही राहिले.

हेउंदेला सकाळी सूर्य समुद्रातून आला. सासूबाई त्याला नमस्कार करून दोन मिनिटांत वळल्या आणि पुढचा अर्धा तास वाळू विंचरत जाणाऱ्या यंत्राकडे पाहत राहिल्या. त्याच्या मागे वाळूवर शेतात पडतात तशा सारख्या रेघा उमटत होत्या, आणि कोणीतरी कुत्रा घेऊन त्यांवरून सरळ चालत गेले तेव्हा त्यांनी ‘अरेरे’ म्हटले.

हेउंदेला जाताना मेट्रोऐवजी टॅक्सीने पुलावरूनच जायचे, असा यजमानांनी हट्ट धरला होता. आम्ही पुलाच्या मधोमध होतो, दोन्ही बाजूंनी दोर मागे पळत होते, आणि सासूबाई हातात मोबाइलमधले ते चित्र उघडून खिडकीतून बाहेर पाहत विचारत होत्या, ‘तो पूल अजून किती लांब आहे?’